पालथा हात

नवरीचा डावा हात मध्येच बाजूला गेला, पालथा झाला, शेजारच्या रिकाम्या गोणपाटावर बद् बद् बद् असा तीनदा पडला आणि परत मिरचीवर आला. एवढंच झालं. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत जन्नतबी बसली होती. तिच्या हातात लाल बटणाची डबी होती. मशीनने फालतू हालचाल केली की बटण दाबायचं, हे तिचं काम. अंगठा बटणावर होता, पण दाबला गेला नाही.

नवरी म्हणजे तेच मशीन. नाव बायकांनी ठेवलं. कुठल्याशा लांबच्या कंपनीने ते ट्रकमध्ये घालून नंदुरबारच्या बाहेर, मिरची वाळवायच्या पथारीवर आणून उतरवलं, त्या दिवशी अख्खा गाव बघायला लोटला होता. जे आले नाहीत ते एकतर अंथरुणाला खिळलेले होते नाहीतर मेलेले. प्लास्टिक सोडलं तर आत कमरेपासून वर एक बाई. गव्हाळ रबराचे दोन हात, काचेचे दोन डोळे आणि, कशाला कोण जाणे, नाकसुद्धा. जिला जन्मात कधी शिंक यायची नाही तिला नाक. मान खाली, बोलणं नाही, खाणं नाही, आणि ज्याला त्याला तोंड बघायची घाई. मग नवरी नाही तर काय म्हणायचं? तिला गोणपाटावर बसवली, पुढ्यात लाल मिरचीचा ढीग ओतला आणि ती देठ खुडायला लागली. पहिल्या पाच मिनिटांतच अनुसयाबाईने नाकावरचं फडकं खाली ओढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अवो जन्नतबी, हाई नवरी तं पुरी तुन्हावर गयी. नाक तेवढं बापनं दिखस." बायका हसल्या. जन्नतबीही हसली. हसताना कंबरेत कळ आली. कळ हल्ली कशानेही येते, हसण्यानेही.

गेल्या वर्षीच्या हंगामात चार महिने आठ बायकांच्या कपाळाला कॅमेऱ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. तुम्ही फक्त नेहमीसारखं काम करा, असं सांगितलं होतं. नेहमीसारखं करा म्हटलं की पहिले दोन दिवस माणसाला नेहमीसारखं काहीच येत नाही. मग पट्टी विसरली जाते आणि हात आपल्या वाटेने चालायला लागतात. आठ जणींमधून कंपनीने हात निवडले ते जन्नतबीचे. त्याचं तिला काही वाटलं नाही. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा ओळखत नाही, चाळीस वर्षांच्या तिखटाने रेघा कधीच खाऊन टाकल्यात. आणि हे दुसरं मशीन म्हणतं तुझे अख्खे हातच दे. घ्या बापडे. हातांनी आता आणखी काय करायचं होतं?

आता तिला खुर्ची मिळाली होती. चाळीस वर्षांत पथारीवर ती पहिल्यांदा खुर्चीत बसत होती आणि खुर्चीने ती जास्त दमत होती. खाली बसलं की ढीग दिसतो, ढीग उतरत जातो, दिवस कळतो. खुर्चीवरून नुसती ती मशीनबाई दिसायची, तिचा वाकलेला माथा दिसायचा, आणि काय काय दिसायचं. डोळ्यांत तिखट जाईल म्हणून जन्नतबी डोळे दंडाला पुसायची. नवरीही आपले कोरडे काचेचे डोळे रबराच्या दंडाला पुसायची. दाबलं बटण. दुसऱ्या दिवशी ते बंद झालं. नवल मुकादम जवळून गेला की नवरी डोक्यावरचा नसलेला पदर पुढे ओढायची. अनुसयाबाई तर लोटपोट झाली. "आते तरी सुधर रे नवल, मशीन बी लाजस तुले!" नवल बिचारा दोन दिवस लांबच्या वाटेने गोदामात गेला. जन्नतबीने तेही बटण दाबलं, आणि दाबताना बरं वाटलं, जुनी चिंधी चुलीत टाकल्यासारखं. कंबरेला मूठ मारणं. खोकल्याआधी मान फिरवणं. एकेक करून गेलं. जाईल तेवढं बरं, असंच तिला वाटत होतं, आणि मग हा डावा हात आला.

"खाला, हे दाबलं नाही तुम्ही." दिपाली लॅपटॉपवरून बोलली. दिपाली लोणखेड्याची, तिकडेच कॉलेजात शिकलेली, कंपनीने मशीनमागे ठेवलेली पोर. पोर म्हणजे पंचविशीची बाई, पण मिरचीने सारखे डोळे लाल असायचे म्हणून रडून आलेल्या शाळकरी मुलीसारखी दिसायची. "तीनदा थोपटलं बघा तिने. कशासाठी असतं ते?"

"मला काय माहीत? तिचं तिला विचार."

"तिचं नाही ते, तुमचं आहे." दिपालीने स्क्रीन फिरवली. जन्नतबीने स्वतःचे हात वरून बघितले, कपाळाने बघितले तसे. उजवा देठ खुडतोय, डावा मिरची पुढे सारतोय, आणि मध्येच डावा बाजूला जातो, पालथा होतो, शेजारच्या गोणपाटावर तीनदा हलतो. गोणपाटावर कुणी नाही. दिपालीने पुढे सरकवलं. पुन्हा हात बाजूला. पुन्हा पुढे. पुन्हा.

"किती वेळा आहे असं?"

"दर चार-पाच मिनिटांनी. चारही महिने. तुम्हाला माहीतच नव्हतं?"

माहीत नव्हतं. माणूस घोरतो ते त्याला माहीत नसतं तसं माहीत नव्हतं. तिथे, डाव्या बाजूला, तिची लेक इफ्फत झोपायची. चार महिन्यांची असल्यापासून ते शाळेत घातली तोपर्यंत, घडी घातलेल्या गोधडीवर, वरून जुनी ओढणी. उजवं अंग कामाचं आणि डावं पोरीचं, अशी जन्नतबीची वाटणीच होती. इफ्फत आता चौतिसाची, खापर गावी दिलेली, तिलाही पोर झालेली. म्हणजे मधली इतकी वर्षं हा हात कुणाला झोपवत होता? रोज, रिकाम्या जागेला, भर उन्हात, आणि शेजारी बसलेल्या बायकांनीही कधी विचारलं नाही. त्यांच्याही डोळ्यांना ते देठासारखं सवयीचं झालं असेल. तिला आपल्या हाताची भीती वाटली. मग लाज वाटली. मग नुसता थकवा आला, की अजून हेही एक काम तो करतच होता आणि त्याची आपल्याला खबरसुद्धा नव्हती.

आणि पालथाच का, हे तिला आठवायला फार लांब जावं लागलं नाही. मिरची खुडणाऱ्या बाईच्या तळव्याला रात्रंदिवस आग असते. राखेने धुवा, ताकाने धुवा, घासलेटने धुवा, गूळ चोळा, ती जात नाही. भाकरी थापली तर भाकरीला लागते. इफ्फत चार महिन्यांची असताना जन्नतबीने एकदा घरी येऊन चांगले तीनदा हात धुतले आणि पोरीचा गाल कुरवाळला. गाल टम्म सुजला, डोळा मिटला, पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किंचाळत राहिली. सासू म्हणाली, या हातांनी पुन्हा हिला शिवू नकोस. ती शिवली नाही. पाजताना मनगटांवर घ्यायची. न्हाऊ घालायला सासू, वेणीला शेजारीण. आणि झोपवायला हाताची पालथी बाजू, तीही ओढणीवरून.

दोन वर्षांपूर्वी इफ्फतच्या बाळंतपणाला ती खापरला गेली होती, तेव्हाही बाळ तिने मनगटांवरच उचललं, परातीतलं पीठ उचलावं तसं. इफ्फत खाटेवरून बघत होती. "अम्मी, तू मला कधी धरलंस का गं? मला तुझा वास आठवतो. हात आठवतच नाही." आवाजात भांडण नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. अशा वेळी दुसरी कुणी आई रडली असती. जन्नतबीच्या तोंडून गोष्ट निघाली, की तुझ्या जन्माच्या वर्षी मिरची इतकी जहाल होती की नुसत्या माझ्या सावलीने दुधाचं दही व्हायचं. इफ्फतने कुशी बदलली. त्यानंतर फोन फक्त ईदला.

गोष्टी हा जन्नतबीचा जुना रोग. पथारीवर त्याचं कौतुक व्हायचं. दुपारच्या भाकरीला बायका तिच्याभोवती गोल करून बसत. एका साली मिरचीची गाडी उलटली तर तळोद्यापर्यंतचे कावळे लाल झाले. तिच्या सासऱ्याचा बैल इथे शिंकला आणि नवापूरला स्टेशनमास्तरची टोपी उडाली. हे पथारीवर ठीक होतं. पण नवरा, नासिर, सुरतेला यंत्रमागावर गेला, परत आला नाही, तिकडेच दुसरी करून राहिला, तेव्हा सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? तिने सांगितलं की अब्बांच्या मागावर एक कापड लागलंय, त्याचं टोकच येत नाही. समुद्राला ओढणी हवी आहे, ती विणतायत. टोक आलं की येतील. पोरीने चार वर्षं ते वर्गात मिरवलं. कापड किती झालं, समुद्राला पुरेल का, असं घरी येऊन विचारायची आणि जन्नतबी रोज दोन-चार गज वाढवायची. मग अकराव्या वर्षी कुणीतरी हसत हसत खरं सांगितलं. इफ्फत घरी आली, दप्तर ठेवलं, जेवली. रडली नाही. त्यानंतर आईने काहीही सांगितलं, अगदी बाहेर पाऊस आहे म्हणून सांगितलं, तरी ती आधी दारात जाऊन बघायची.

"खाला?" दिपाली थांबली होती. "शनिवारी सगळं वर पाठवायचंय. फालतू असेल तर काढून टाकते."

काढून टाकते. दंडाला डोळे पुसणं गेलं, पदर गेला, तसं हेही. जन्नतबीला एकाएकी वाटलं की या अख्ख्या दुनियेत तिच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार आहे, आणि तो हा रबराचा हात. तिचा स्वतःचा हात साक्षीला चालत नव्हता; तो तिचा होता, आणि तिच्या कशावरही इफ्फतचा भरवसा नव्हता. मशीन मात्र गोष्टी सांगत नाही. इफ्फतने हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. शनिवारच्या आत.

"फालतू काय म्हणतेस बाई," तोंडाने आपलं आपण सुरू केलं. "ओल बघायची रीत आहे ती. पालथा हात जमिनीवर मारला की खाली ओल असेल तर हाडाला कळतं. तळव्याला नाही कळत, तळवा जळलेला असतो. माझ्या सासूची रीत. एकदा एकीने बघितलं नाही, ओला ढीग आतून तापला आणि भसकन उडाला. तीन दिवस गाव शिंकत होतं. एक नवरदेव निकाहला बसला होता, कबूल म्हणायच्या जागी तीन शिंका आल्या. काझीसाहेबांनी मोजल्या, तीन पुऱ्या झाल्या, म्हणाले झाला निकाह."

दिपाली हसली, आणि हसता हसता टाइप करत होती. शिंका तिने सोडून दिल्या, ओल घेतली. दुसऱ्या दिवशी वरून उत्तर आलं की फार छान, ही जुनी माहिती जपायची, ही हालचाल ठेवा, उलट थोडी ठळक करा. नवरी आता जरा जोरात थोपटायला लागली. अनुसयाबाई जन्नतबीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "तीस वरीस झायात माले आठे. आशी ओल दखतांना मी कोन्हालेच दखं नही वं."

"तू नाकावर फडकं बांधतेस, डोळ्यांवर का बांधतेस?"

"बरं बाई. मन्हं काय जास." अनुसयाबाई थोडा वेळ नवरीच्या डाव्या हाताकडे बघत राहिली आणि मग आपल्या ढिगाकडे गेली. तिला आठवलं असेल. इफ्फतला तिनेही उचललं होतं कधीतरी.

जन्नतबीने इफ्फतला फोन लावला. आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करायला ती गुरुवारी नंदुरबारला येणारच होती. "झालं की पथारीवर ये," जन्नतबी म्हणाली, "एक चीज दाखवायची आहे."

"अम्मी, पुन्हा काही…"

"कहानी नाही. डोळ्यांनी बघायचं आहे."

गुरुवारी ती आली ती दुपार उलटल्यावर, नाकावर ओढणी धरून, डोळे बारीक करून. पथारीवरची लाल जमीन बघून माहेर बघितल्याची कुठलीच खूण तिच्या चेहऱ्यावर आली नाही. जन्नतबीने तिला काय कसं सांगायचं ते तीन रात्री घोळवलं होतं, पण खुर्चीतून उठायला वेळ लागला आणि तेवढ्यात दिपाली पुढे झाली. तिला वाटलं, आईचं कौतुक लेकीपुढे करावं. "या ना ताई! तुमच्या अम्मींचेच हात आहेत हे. आणि हे बघा, आता करेल, हां, हे! ओल तपासायची रीत आहे. कुणालाच माहीत नव्हती. खालांनी सांगितलं म्हणून राहिली, नाहीतर आम्ही काढूनच टाकणार होतो. सांगा ना खाला, त्या शिंकांचं."

इफ्फतने आईकडे बघितलं. "ढीग उडाला आणि गाव तीन दिवस शिंकलं?"

"तुम्हाला माहितीये? त्या नवरदेवाचंही?"

"माझ्या लहानपणी त्यात नवरदेव नव्हता. कलेक्टर होता. भाषणाला उभा राहिला आणि शिंकला." ती हसली, ओढणीच्या आतच. "हे दाखवायला बोलावलंस, अम्मी? आता मशीनलाही शिकवलंस?"

दिपालीचं हसू जागच्या जागी विझलं. ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली, आणि कंपनीतलं शुद्ध मराठी तिच्या तोंडून गळून पडलं. "खाला, काय वं हाई? मी वर कळाडी टाकं ना. खरं सांगा."

जन्नतबी उभी होती आणि पाठीला हात लावून होती. गोष्ट लांबवली असती तर मशीनचा हात राहिला असता. ओलीची साक्ष काढायला अनुसयाबाईलाही डोळ्याने खुणावता आलं असतं, ती ना म्हणाली नसती. हात राहिला असता आणि लेक गेली असती. खरं सांगितलं तर हात जाणार, आणि लेक थांबेल याची कुणी हमी दिलेली नव्हती. तिला वाटलं, खरं बोलायला एवढं थोडं लागतं आणि तरी दम लागतो.

"ओल-बील काही नाही," ती म्हणाली. "तू इथे झोपायचीस. या बाजूला. माझ्या तळव्याला आग असायची म्हणून पालथ्या हाताने थोपटायची. एकदा तळवा लागला होता, तुझा गाल सुजला होता. तू मोठी झालीस, हाताला कळलं नाही. तो करतच राहिला. मलाही याच आठवड्यात कळलं."

संपलं. तिलाच नवल वाटलं, इतकं लहान. त्यात कावळे नव्हते, समुद्र नव्हता, वाढवायला एक गजसुद्धा कापड नव्हतं. नवरी खुडत होती, कट् कट् कट्. पलीकडच्या ओळीत बायकांचे हात थांबले होते.

"कहानी अच्छी है, अम्मी," इफ्फत म्हणाली. पण ती गेली नाही.

दिपालीने डोळे पुसले, आणि चुकून बोटांनी पुसले, त्यामुळे आणखी पाणी आलं. "मग काढावं लागेल ते," ती पुटपुटली आणि डबीसाठी हात पुढे केला.

"दोन मिनिटं थांबा," इफ्फत म्हणाली.

तिने चपला काढल्या. नवरीच्या डाव्या बाजूच्या गोणपाटावर ती आधी बसली, मग इकडे-तिकडे कुणाकडे न बघता आडवी झाली. चौतीस वर्षांची बाई, आधारच्या कागदांची पिशवी पोटाशी धरून, गुडघे मुडपून, भर पथारीवर. एवढ्याशा जागेत मावण्यासाठी गुडघे मुडपावे लागतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे मिटले. चार मिनिटं म्हणजे फार वेळ असतो. पंधरा-वीस मुठी मिरच्या होतात तेवढ्यात. जन्नतबीने त्यातली एकेक मूठ बघितली. इफ्फत आता उठेल, हसेल आणि निघेल, असं तिला प्रत्येक मुठीला वाटत होतं. मग नवरीचा डावा हात बाजूला आला, पालथा झाला आणि इफ्फतच्या दंडावर पडला. बद् बद् बद्. इफ्फतचा चेहरा हलला नाही. हात परत गेला. ती उठली नाही. पुन्हा तेवढाच वेळ, तेवढ्याच मुठी, आणि पुन्हा तो हात.

"असं नव्हतं," इफ्फत डोळे मिटूनच म्हणाली.

जन्नतबी एक पाऊल पुढे आली.

"इतकं जोरात नव्हतं, अम्मी. हळू होतं. आणि शेवटचं मारून हात तिथेच ठेवायचीस थोडा वेळ."

हे जन्नतबीला आठवत नव्हतं. कुणाच्या व्हिडिओतही नव्हतं. तिने लाल डबी दिपालीच्या हातात दिली. "दाब बाई," ती म्हणाली, "काढून टाक ते." बटण दाबल्याचा आवाज झाला. नवरी मान खाली घालून खुडत होती; उद्यापासून तिचा डावा हात बाजूला जाणार नव्हता. इफ्फत तशीच पडून होती. जन्नतबीने खुर्चीची पाठ धरली, एक गुडघा टेकवला, मग कळ जाईपर्यंत थांबली, मग दुसरा. इफ्फतच्या शेजारी खाली बसायला तिला बराच वेळ लागला.